काचेवरचं नाव

१

लग्न होऊन मी सांगलीहून बंगळुरूला आले, तेव्हा वाटलं होतं नवरा लालबाग दाखवेल, विधानसौध दाखवेल. मकरंदनी मला टॉकीज दाखवल्या. रिक्षात बसलं की यांचं सुरू व्हायचं. "हे लग्नाचं कल्याण मंटप बघ, इथं पूर्वी तंबू होता, वाळूवर बसून सिनेमा बघायचे. ते साड्यांचं दुकान आहे ना, त्याच्या बाल्कनीला लाकडी जिना होता. स्वल्प थांब, पुढे अजून एक आहे." पुढे काहीही नसायचं, बँक असायची. यांची तिसरी पिढी या गावातली. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पण डोक्यातला गावाचा नकाशा रस्त्यांचा नव्हताच, थिएटरांचा होता. एकेक थिएटर पडत गेलं, तिथं मॉल आले, तरी पत्ता सांगताना हे पडलेल्या टॉकीजचंच नाव सांगायचे. रिक्षावाला जुना असला तर समजायचा, नवा असला तर केविलवाणा होऊन माझ्याकडे बघायचा. मी यांना टॉकीजांचे किरवंत म्हणत असे. ते हसायचे.

शेवटी आमच्या बाजूला एकच उरली, नागमणी. बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. एक पडदा, एक बाल्कनी, लाल रेक्झिनच्या खुर्च्या. खुर्च्या स्प्रिंगच्या, म्हणजे माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जाऊन पाठीवर आपटायची, धप्प. रविवारी सकाळी तिथं जुने कन्नड सिनेमे लावत. निवृत्तीनंतर मकरंद दर रविवारी कॉफी पिऊन, कापडी पिशवी घेऊन जायचे आणि जेवायच्या वेळेला येताना गांधीबाजारातून भाजी आणायचे. मला ते बरंच होतं. घरात बसलेला निवृत्त नवरा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

एका रविवारी ते फार लवकर परत आले. मी कुकर लावत होते.

"सिनेमा वाईट होता?"

"नाही गं. माझं नाव आलं पडद्यावर." चपला काढता काढता, पाऊस आला म्हणावं तसं म्हणाले. "बाहेर गेलो. कोणी नव्हतं."

नाव येणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, कारण ते त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. मोबाइल नव्हते तेव्हा घरी कोणी आजारी पडलं, अचानक पाहुणे आले, की घरचं माणूस धावत टॉकीजवर यायचं. मॅनेजर काचेचा तुकडा दिव्यावर धरून काजळी बसवायचा, त्यात काडीनं नाव कोरायचा आणि ती काच मशीनमध्ये घालायचा. चालू सिनेमावर पांढरी अक्षरं उमटायची, की अमुक अमुक, बाहेर तुमची वाट बघतायत. आलेलं माणूस गल्लीतल्या बाजूच्या दाराशी उभं करायचे, म्हणजे लॉबीतून फुकटे आत घुसायला नकोत. मकरंद जन्मले ती बातमी त्यांच्या वडिलांना अशीच मिळाली होती. सासरे निम्मा सिनेमा टाकून धावले होते, ही आमच्या घरातली लाडकी गोष्ट.

"आता कोण काच घालतंय?" मी म्हटलं.

"तेच तर," मकरंद म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

२

आमचा मुलगा अद्वैत गेल्या वर्षी गेला. नोकरी इंदिरानगरला होती. त्या दिवशी मोटरसायकलवरून के. आर. पुरमला मित्राकडे निघाला होता आणि पुलाच्या अलीकडे लॉरीनं उडवलं. मी सांगलीला बहिणीकडे होते. मकरंद मॉलमधल्या थिएटरात एकटेच सिनेमा बघत बसले होते. सुरुवातीला पडद्यावर येतं ना, कृपया आपला मोबाइल सायलेंटवर ठेवा. सगळ्या हॉलमध्ये ते ऐकणारा माणूस एकच असतो आणि तो माझा नवरा होता.

हॉस्पिटलवाले फोन करत राहिले, अद्वैतचे मित्र करत राहिले. अद्वैत बराच वेळ शुद्धीवर होता. "अप्पा आले का," असं सारखं विचारत होता. हे आम्हाला तिथल्या मल्याळी नर्सनं सांगितलं. बिचारीला वाटलं, आम्हाला बरं वाटेल. सिनेमा संपल्यावर मकरंदनी फोन बघितला. ते पोचले तेव्हा विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

हॉस्पिटलनं एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या वस्तू दिल्या. पाकीट, घड्याळ, आणि एक बूट. दुसरा रस्त्यावर सापडलाच नाही. तो एक बूट आमच्या दाराशी चपलांच्या मांडणीवर राहिला. उचलून ठेवायचं धाडस मला झालं नाही, आणि मकरंद रोज त्यावरची धूळ पुसायचे.

तेव्हापासून यांचा फोन देवळातसुद्धा ढणढणा वाजायचा. "पूर्वीचं बरं होतं," एकदा म्हणाले, "नाव पडद्यावरच यायचं. चुकवता यायचं नाही."   रात्री कूस बदलली की दोघंही जागे आहोत एवढंच एकमेकांना कळायचं.

त्यामुळे पडद्यावर नाव आलं म्हणाले, तेव्हा मी घाबरले ती त्यांच्या डोक्यासाठी. मी शाळेत फिजिक्स शिकवलंय. दुःखात माणसाला दिसू नये ते दिसतं, त्यात नवल नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. नाव आलं, बाहेर गेलो, कोणी नव्हतं. या वेळी त्यांचा चेहरा उजळलेला होता. तो उजेड मला आवडला नाही.

मी नागमणीवर गेले. मधल्या वारची दुपार होती. मॅनेजर भीमाचार्य म्हणजे धारवाडकडचे वयस्कर गृहस्थ, कपाळावर अंगारा-अक्षता, मराठी आपल्या पद्धतीनं स्वच्छ बोलणारे. मी सरळच विचारलं.

"बाई, ते काचेचं मशीन भंगारात गेलं की हो. आता सिनेमा वरनं येतोय, सॅटेलाइटवरनं. काच घालायला जागा कुठं राहिली?"

त्यांनी मला केबिन दाखवली. कपाटाएवढा नवा प्रोजेक्टर घूं घूं करत होता. बाजूला जमिनीवर जुन्या मशीनच्या पायांचे डाग होते, बाकी काही नाही. हॉलकडे उघडणाऱ्या चौकोनी खिडकीतून मी खाली बघितलं. रिकाम्या खुर्च्या, सगळ्यांच्या फळ्या वर. खिडकीच्या कडेवर टेकवलेला हात मागे घेतला तर बोटं काळी झाली होती. हुंगून बघितलं. तेलाच्या दिव्याचा वास होता. धूळ, मी स्वतःला सांगितलं. या गावात धूळ काय कमी आहे.

"मकरंदराव मधनंच उठून जातात ना, ते गल्लीतल्या दारानं?" निघताना मी विचारलं.

भीमाचार्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "ते दार कुठलं उघडायला बाई? किती वर्षं झाली, बाहेरनं साखळी आहे. लोक गल्लीतनं कचरा आणून टाकतात म्हणून."

बाहेर पडल्यावर मी गल्लीत जाऊन बघितलं. साखळी होती, गंजून एकजीव झालेली. कोळ्यानं त्यावर जाळं विणलं होतं.

३

पुढच्या रविवारी मी यांच्याबरोबर गेले. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला.

इनमीन दहाबारा माणसं असतील. सगळी एकेकटी, सगळी आमच्या वयाची, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. आम्ही मधल्या रांगेत बसलो. डाव्या हाताला ते बाजूचं दार, त्याच्यापुढे जमिनीपासून वीतभर वर लोंबणारा जाड, मरून रंगाचा पडदा. भिंतीवरचे पंखे खडखडत होते. मकरंदनी कापडी पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते. पिशवीत काय आहे, असं मी कधी विचारलं नव्हतं. छत्री, पाण्याची बाटली, असलं काहीतरी समजून चालले होते.

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं मागे धप्प झालं. कोणीतरी उठलं. मी वळून बघितलं, तर मागे कोणीच बसलेलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीची फळी अडकलेली असते, सुटते, मी मनाशी म्हटलं. स्प्रिंग जुनी झाली की होतं तसं. मग पुन्हा धप्प झालं, जरा जवळ. मी वळले नाही. वळायचं नाही असं ठरवलं नव्हतं, मानच वळली नाही.

आणि मग पडद्याच्या खालच्या अंगाला पांढरं काहीतरी उमटलं.

तीस वर्षं या गावात काढूनही कन्नड वाचताना मला पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं जुळवावी लागतात. मी जुळवली. म. क. रं. द. अक्षरं हातानं कोरलेली, थोडी थरथरती, आणि त्यांच्या कडेनं काजळीचा धूर असावा तसा करडा पट्टा. वर नटी गात होती, तिच्या साडीवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. पुढचं वाक्य मला वाचावं लागलं नाही. मकरंदच पुटपुटले, "बाहेर तुमची वाट बघतायत."

ते उठायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, बसा."

"सुचेता, सोड. नाव आलंय."

"दाराला साखळी आहे! मी स्वतः बघितलीय. बसा खाली."

आजूबाजूच्या कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी दोन्ही हातांनी त्यांना धरून ठेवलं, पोराला इंजेक्शन देताना धरतात तसं. नाव बराच वेळ पडद्यावर राहिलं. डाव्या हाताचा मरून पडदा आत फुगला, जसं दार उघडल्यावर वारं आत येतं, आणि त्याच्या खालून उन्हाची पट्टी जमिनीवर पडली. माझ्या पायापर्यंत आली. मग ती अरुंद होत होत गेली. दारापुढचा पडदा स्थिर झाला, आणि सिनेमाच्या पडद्यावरचं नाव पुसलं गेलं.

मकरंद रडत होते. आवाज न करता, पिशवी छातीशी धरून.

"पुन्हा नाही गेलो मी," म्हणाले. "पुन्हा बसूनच राहिलो."

मला त्या क्षणी कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं.

४

त्यानंतरच्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले होते असं नाही. बोलायचंच राहून जात होतं. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, उठायचे. पेपरात आलं की नागमणी विकली गेली, येत्या रविवारी शेवटचा खेळ. मी पेपर लपवला. उपयोग काय, बातमी त्यांना आधीच कळलेली होती.

शनिवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"एकदा जाऊ दे मला," म्हणाले. "एवढं एकदा."

मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली, तरी ते उभेच. यांना आता अडवलं तर हे घरातल्या घरात माझ्या हातून जाणार, हे मला कळत होतं. आणि मला दुसरं कोणी नाही. मुलगा गेला, आता हा एक माणूस, एवढंच माझं उरलेलं घर. मी मास्तरीण, मला वाटलं, याला उपाय एकच, प्रयोग करून दाखवणे. मी बरोबर जाईन, यांचा हात धरून त्या दाराशी जाईन, पडदा बाजूला करीन, आणि साखळी घातलेलं दार दाखवीन. मग हे रडतील आणि मग बरे होतील.

"आपण दोघं जाऊ," मी म्हटलं. "नाव आलं तर दोघं उठू."

"सरी, दोघं जाऊ," मकरंद म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

रविवारी सकाळी ऊन लख्ख होतं. नागमणीच्या दाराशी कोणीतरी केळीचे खुंट बांधले होते, हार घातला होता. भीमाचार्यांनी आमच्याकडून तिकिटाला काही घेतलं नाही. आत बरीच माणसं होती, पण तीही तशीच, एकेकटी, लांब लांब. आम्ही त्याच जागी बसलो. मी मकरंदचा हात धरला. आमच्या पिढीत थिएटरात कोणी हात धरत नसे. लग्नानंतर पहिल्यांदाच असा धरला असेन.

मध्यंतर झालं, काही आलं नाही. मला हुश्श झालं. सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि मागे धप्प वाजलं. मग उजवीकडे वाजलं. मग आमच्याच रांगेत, शेजारच्या खुर्चीवर वाजलं, आणि त्या खुर्चीवर कोणी नव्हतं हे मी डोळ्यांनी बघत होते. पडद्यावर नाव उमटलं. या वेळी मला अक्षरं जुळवावी लागली नाहीत.

आम्ही उठलो. आमच्याही फळ्या वाजल्या. रांगेतून वाट काढत डावीकडे निघालो. मी पुढे, ते मागे, हात हातात. मरून पडदा अजून चार पावलांवर होता तोच फुगला, आणि खालून ऊन आत आलं.

त्या उन्हात पाय दिसले.

पडद्यापलीकडे कोणीतरी उभं होतं, आणि पडदा आणि जमीन यांच्यामधल्या वीतभर फटीतून त्याचे पाय दिसत होते. एका पायात बूट होता. दुसऱ्यात नुसता करडा मोजा, अंगठ्याशी विरलेला. तो मोजा मीच रफू करणार होते आणि राहून गेला होता. पाय हलत नव्हते. पुष्कळ वेळ उभं राहिलेल्या माणसासारखे जरा एका बाजूला कललेले होते, आणि अद्वैत लहानपणी रांगेत अस्साच उभा राहायचा.

माझे पाय तिथंच थांबले.  आईला असं व्हावं? मुलगा दाराशी आला आणि आईला भीती वाटावी?

मकरंद थांबले नाहीत. माझ्या मुठीतून त्यांनी आपलं एकेक बोट सोडवून घेतलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या खालून हात काढतात तसं.

"मी येते," मी म्हटलं. कसंबसं.

"तुझं नाव नाही आलं गं," ते म्हणाले. मायेनंच म्हणाले.

पिशवीत हात घालून त्यांनी बूट बाहेर काढला. पुसून लख्ख केलेला. मग पडदा जरासा बाजूला सारून ते उन्हात गेले आणि पडदा मिटला.

५

मी धावत जाऊन पडदा ओढला तेव्हा दार बंद होतं. ठोकलं, खांदा मारला. भीमाचार्य माणसं घेऊन आले. गल्लीत जाऊन साखळी करवतीनं कापावी लागली. कापेपर्यंत कोळ्याचं जाळं तसंच होतं, अख्खं. गल्लीच्या तोंडाशी शहाळेवाला सकाळपासून बसलेला. तो म्हणाला, अक्का, इथून कोणी बाहेर आलं नाही. पोलिसांनी लिहून घेतलं, की निवृत्त इसम, मुलाच्या मृत्यूनंतर मानसिक तणाव, चित्रपटगृहातून निघून गेले. माझी तक्रार नाही. मी तरी दुसरं काय लिहिलं असतं?

घरी मांडणीवरची बुटाची जागा रिकामी आहे. तिथं धूळ बसते, मी पुसत नाही.

नागमणी पाडली. गल्लीच्या बाजूनं आता उंच पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा खणलाय. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून मी बघून आले. पत्र्याला लागूनच खड्डा सुरू होतो, पाऊल टेकायलाही जागा नाही. तळाला पाणी साचलंय. उद्यापासून तिथं काँक्रीट ओतणार आहेत, असं वॉचमननं सांगितलं.

मी दर रविवारी सकाळी तिथं जाते. साखळीचं दार होतं तिथल्या पत्र्याशी उभी राहते. शहाळेवाला आता स्टूल देतो, मी बसत नाही. मागे एकदा भीमाचार्यांच्या घरी जाऊन म्हटलं होतं, एक काच लिहून द्या, मकरंद, बाहेर सुचेता वाट बघतेय.  "लिहीन की बाई," म्हणाले. "घालू कुठं?" पण त्यांनी खरंच देवघरातल्या समईवर काच धरली आणि माझ्यादेखत नाव कोरलं. ती काच मी आज बरोबर नेली होती. पत्र्याच्या एका भोकावर धरली. ऊन पाठीमागून येत होतं. आत कुठंतरी, खड्ड्यातल्या पाण्यावर म्हणा, पडलंही असेल नाव. मला ते दिसण्याचं कारण नव्हतं.

आतून आवाज आला. धप्प.

शहाळेवाल्यानं कोयता थांबवला, म्हणजे त्यालाही ऐकू आलं असावं. मग पावलं आली. सावकाश, रांगेतून वाट काढत यावी तशी. एक चाल मला पाठ आहे, चप्पल जरा घासत टाकायची. तिच्याबरोबर दुसरी होती. दोघांची पावलं पत्र्यापर्यंत आली आणि थांबली.

मी खाली बघितलं. पत्रा आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर फट आहे. फटीत मकरंदच्या चपला होत्या. शेजारी बूट. दोन्ही पायांत होते.

"अहो," मी म्हटलं. "अद्वैत, अरे मी आहे." पत्र्यावर हात आपटले, पत्रा थडथडला. मोठ्यानं म्हटलं, ओरडून म्हटलं, शहाळेवाला धावत आला इतक्या मोठ्यानं. पाय तसेच उभे होते, दारात येऊन रस्त्यावर इकडेतिकडे बघणाऱ्या माणसांचे असतात तसे. मग पलीकडून मला मकरंदचा आवाज ऐकू आला. शांत होता. त्या पहिल्या रविवारी चपला काढताना होता, अगदी तोच.

"कोणी नाही रे," म्हणाले. "चल."

पावलं परत गेली. मी इथंच होते.